बांधापलीकडची बाग

फवारणीच्या कामात थोरलीचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट तिला स्वतःलाही पक्की ठाऊक होती. नम्रपणा वगैरे तिला कधी जमला नाही. कुणी म्हणालं, "बाई असून पंप चालवता?" की ती म्हणायची, "पंपाला कुठं कळतंय कोण चालवतंय ते!" आणि इंजिनाची दोरी ओढायची. एका झटक्यात इंजिन धडधडायला लागायचं. तीच दोरी तिच्या नवऱ्याने ओढली की इंजिन दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून तो बागेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. "डावीकडची ओळ राहिली गं!" तो ओरडायचा. ओळ राहिलेली नसायची.

काम तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. सासरे बोलायला तिखट, पण द्राक्षाच्या वेलीचं पान हातात धरायचे ते लहान मुलाचा कान धरावा तसं. पान उलटून पाहायचे. वर तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग आणि खाली पांढरी लव दिसली की समजायचं, केवडा आला. केवडा म्हटलं की इतरांना सुगंध आठवत असेल, बागवाल्यांना डोक्यावरचं कर्ज आठवतं. पानं जातात, घड जातात, वर्ष जातं. "रोग दिसला म्हणजे उशीर झाला," सासरे म्हणायचे. "दिसायच्या आधी मारायचं. मग लोक म्हणतात, रोग नव्हताच, उगाच औषध वाया घालवलं. म्हणू दे."

सासरे गेल्यावर बाग दोघा भावांत वाटली गेली. त्यात भांडण झालं नाही, हे त्या कुटुंबाचं नशीबच म्हणायचं. मध्ये गुडघ्याएवढा मातीचा बांध घातला, अलीकडे थोरल्याची बाग, पलीकडे धाकट्याची. धाकटा म्हणजे थोरलीचा दीर. ती या घरात आली तेव्हा तो दप्तर घेऊन शाळेत जाणारा, बारा महिने नाक गळणारा पोरगा होता. त्याची आई आधीच गेलेली. त्याचं नाक थोरलीने पुसलं, त्याच्या उवा काढल्या, गणित चुकलं म्हणून त्याच्या पाठीत धपाटेही घातले. म्हणून चाळिशी आली तरी ती त्याला अरे-तुरेच करायची. राग आला की मात्र ती 'भाऊजी' आणि 'तुम्ही' वर यायची, मग घरातले ओळखायचे की आज काही खरं नाही.

त्याची बायको, धाकटी, आली आणि थोरलीला जन्मात पहिल्यांदा मैत्रीण मिळाली. जावा जावा म्हणजे उभा दावा, असं लोक म्हणतात. या दोघींनी लोकांची साफ निराशा केली. धाकटी हसरी, चपळ आणि कामाला वाघ. पंप ओढण्यापासून वेली बांधण्यापर्यंत सगळं तिला शिकायचं होतं, आणि शिकायचं होतं ते फक्त थोरलीकडून.

मोरचूद आणि चुना यांचं फवाऱ्याचं निळं मिश्रण करायलाही थोरलीनेच तिला शिकवलं. चुन्याच्या गाठी राहिल्या की पिचकारीचं तोंड तुंबतं आणि अर्धी सकाळ ते उघडून फुंकण्यात जाते. धाकटी ड्रममध्ये काठीने ढवळत होती. थोरलीने काठी काढून बाजूला फेकली. "काठीला गाठ कळत नाही. बोटांना कळते. घाल हात." धाकटीने कोपरापर्यंत हात घातला, तळातली गाठ शोधून चिमटीत फोडली आणि हात वर काढून दाखवला. दोघींचे हात निळे. त्या दिवशी त्या दोघी इतक्या हसल्या की खुर्चीवरच्या माणसाने विचारलं, "झालंय काय?" त्याला कुणी सांगितलं नाही.

पुढे पुड्यांतली नवी औषधं आली, दुकानदार डब्याबरोबर हातमोजे देऊ लागला. हातमोजे बुळबुळीत, त्यांत गाठ कळायची नाही. ते डब्यातच राहिले. सवय मात्र राहिली ती राहिलीच. थोरली तोंडाला फडकं बांधायची, हातात कधी काही घातलं नाही. धाकटीने तरी कसं घालावं?

मग एका वर्षी धाकटी दमायला लागली. जिना चढताना मध्येच बसायची. अंगावर कुठे न लागता काळेनिळे डाग उठायचे, दात घासताना रक्त यायचं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं की हिच्या शरीरात रक्त तयारच होत नाही. "कशामुळे?" धाकट्याने विचारलं. डॉक्टरने हात पालथे केले. कारणं पुष्कळ असतात, म्हणाला, पुष्कळदा कारण सापडतच नाही. ती कुठं काम करते, असंही त्याने विचारलं होतं. द्राक्षबागेत, म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि काही लिहून घेतलं. त्या मान हलवण्याचा अर्थ थोरली पुढे कितीतरी दिवस लावत बसली. धाकटी वर्षभरही टिकली नाही.

तिला पोचवून आल्यावर धाकट्याने आपला ड्रम विहिरीजवळ पालथा घातला. पाइप गुंडाळून माळ्यावर टाकला. "औषधानं मारलं तिला," तो म्हणाला. "माझ्या बागेत आता थेंब पडायचा नाही."

थोरलीचं उत्तर तयार होतं. "मी वीस वर्षं तेच औषध मारतेय. मला का नाही काही झालं?" हे ती मोठ्याने म्हणाली. नंतरही म्हणत राहिली, दिराला, नवऱ्याला, दुकानात, कुणी विचारलेलं नसतानाही. घाल हात, हे दोन शब्द मात्र तिने कुणापाशी काढले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकली तरी आत काय आहे ते मुठीला माहीत असतंच. धाकट्याला ठाऊक असेल का, हा विचार आला की थोरली भरल्या ताटावरून उठायची.

पहिला हंगाम कोरडा गेला, म्हणून निभावलं. दुसऱ्या हंगामात कोवळी फूट निघाली आणि आभाळ असं बसलं की उठायचं नाव घेईना. रोज भुरभुर, रोज धुकं. पानं दुपारपर्यंत ओली. केवड्याला याहून जास्त काय हवं! धाकट्याच्या बागेत तो आधी आला. पानं पिवळी पडली, मग तपकिरी, मग कागदासारखी चुरली. वारा तिकडून इकडे. थोरलीच्या बांधालगतच्या ओळीत पांढरी लव दिसली तेव्हा तिने सासऱ्यांचं वाक्य मनात म्हटलं आणि पंप बाहेर काढला. फवारलं, पाऊस आला, धुऊन गेलं, पुन्हा फवारलं. औषध बदलून पाहिलं. एक ओळ सावरली की दुसरीत डाग. आपल्या घरात कितीही झाडलोट केली आणि शेजारी रोज कचरा उडवत राहिला, तर झाडू झिजण्यापलीकडे काय होणार?

"सुक्याबरोबर ओलंही जळतं," नवरा म्हणाला. "अर्ज दे सरकारी कचेरीत. लावतील त्याला बाग तोडायला."

"आपल्या माणसावर अर्ज?"

"मग काय घड गेल्यावर त्याच्या नावानं रडायचं? घरात खायचं काय, ते सांग." नवरा वाईट नव्हता. गुडघे गेलेल्या माणसाला बाग गेली तर दुसरं काय उरणार, याची भीती त्याच्या आवाजात होती.

थोरली बांध ओलांडून दिराच्या घरी गेली. स्वयंपाकघरात एकाच माणसाची भांडी होती, एक ताट, एक पेला, तीही विसळून पालथी. दाराशी धाकटीचे गमबूट तसेच, चिखल वाळलेला. धाकट्याने चहा टाकला. थोरली त्याच्या खोकल्याबद्दल बोलली, गळक्या पत्र्याबद्दल बोलली, बाजारभावाबद्दल बोलली. शेवटी तोच म्हणाला, "वहिनी, ताकाला आलीस तर भांडं कशाला लपवतेस?"

"निदान बांधाकडच्या चार ओळी मारू दे. मी मारते. तू घरात बस."

"नाही."

"अरे, माझे घड आता फुलोऱ्यात आहेत. या आठवड्यात सांभाळले नाहीत तर संपलं सगळं."

"माझं कधीच संपलंय." हे त्याने चिडून म्हटलं नाही. चहा कपात ओतता ओतता म्हटलं.

"औषधानं नाही गेली ती," थोरली म्हणाली. "मी वीस वर्षं..."

"ऐकलंय मी ते."

"मग ऐकूनही तुम्हाला कळत नसेल भाऊजी, तर दगडावर डोकं आपटून काय उपयोग!" ती उठली. चहा तसाच राहिला.

दोन दिवसांनी नवऱ्याने खुर्चीवरूनच घडाचा एक तुकडा तिच्यापुढे धरला. कोवळी फुलं तपकिरी होऊन सुकायला लागली होती. थोरलीने तो घेतला आणि औषधाच्या पुड्या किती उरल्यात ते मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा सायकल घेऊन बाजाराकडे गेलेला तिने पाहिला. पाऊस थांबला होता, पण पश्चिमेकडे पुन्हा भरून येत होतं. औषध पानावर सुकायला थोडा वेळ मिळाला तरी पुरे. तिने ड्रम भरला, फडकं बांधलं, इंजिन सुरू केलं आणि पाइप ओढत बांध ओलांडला. स्वतःच्या दिराच्या बागेत चोरासारखं शिरताना तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. पिचकारीचा कॉक उघडला. फवारा धुक्यासारखा उठला आणि त्या करपलेल्या पानांवर बसू लागला. वेली चांगल्या बांधलेल्या होत्या. धाकटीनेच बांधल्या होत्या, प्रत्येक गाठ सारखी.

दुसरी ओळ अर्धी झाली असेल नसेल, समोरून धाकटा आला. बाजारात तो गेलाच नव्हता, की इंजिनाचा आवाज ऐकून परतला होता, देव जाणे. तो ओरडला नाही. पाइप हिसकायला धावला नाही. सरळ चालत आला आणि तिच्यापासून चार हातांवर, फवाऱ्याच्या तोंडाशी उभा राहिला. तोंडाला काही नाही, हात मोकळे सोडलेले.

थोरलीने कॉक बंद केला. विचार करून केला नाही. हाताने आपला आपण केला.

बांधापलीकडे इंजिन धडधडत राहिलं. पानांवरून थेंब गळत होते.

"बंद का केलंस?" धाकटा म्हणाला.

तिने पिचकारी खाली केली.

"मार ना. वीस वर्षं मारतेयस, तुला काही झालं नाही. मला काय होणार आहे?"

तिचं ते नेहमीचं वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. जे उत्तर द्यायचं ते तिच्या हाताने देऊन टाकलं होतं, आणि ते दोघांनीही पाहिलं होतं. ती ओल्या मातीत खाली बसली. तोंडावरचं फडकं तिने खाली ओढलं.

"मला माहीत नाही रे," ती म्हणाली. "औषधानं गेली की कशानं, खरंच मला माहीत नाही. पण ड्रममध्ये हात घालायला तिला मी शिकवलं. काठी होती तिच्या हातात. मी काढून फेकली."

"ठाऊक आहे मला."

तिने वर पाहिलं.

"तीच सांगायची," धाकटा म्हणाला. "कौतुकानं सांगायची. काठीला गाठ कळत नाही, जाऊबाई म्हणाल्या, बोटांना कळते. इस्पितळातसुद्धा सांगितलं होतं तिनं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस मला?"

त्याने वेलीच्या एका गाठीवर बोट टेकवलं. त्याचा आवाज आला तो अगदी लहानपणीचा.

"कुणाला तरी दोष दिल्याशिवाय राहवत नव्हतं गं. औषधाला दिला नसता तर तुला द्यावा लागला असता. आणि तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

थोरली रडली. त्या बाईला रडताना त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं, धाकटी गेली तेव्हाही नाही. तो तिच्याजवळ आला नाही आणि तिथून गेलाही नाही. पश्चिमेकडचं आभाळ खाली आलं होतं. त्याने एकदा वर बघितलं.

"ऊठ वहिनी," तो म्हणाला. "पाऊस येईल. मारून घे सगळ्या ओळी. माझी बाग काही वाचायची नाही, तुझी तरी वाचू दे."

तिने नाक पुसलं, फडकं वर बांधलं आणि पाइप उचलला. तो मागे सरकून ओळीच्या टोकाशी जाऊन उभा राहिला.

"लांब जा," ती म्हणाली.

तो बांधावर चढला.

"अजून लांब."

तो विहिरीपर्यंत गेला आणि तिथून वळून बघू लागला. वारा आता त्याच्याच बाजूला वाहत होता.

"अजून जा म्हणते ना!" ती ओरडली.

तो चालत चालत पार घराच्या भिंतीपर्यंत गेला, आत शिरला, आणि त्याने दार लावून घेतलं. तेव्हा कुठे तिने कॉक उघडला.