शंभर फूट फिल्म आणि चाकणचा कांदा

नील, अन्वया,

नीलची कंपनी त्याला पुढच्या महिन्यात दोन आठवडे चाकणला पाठवणार आहे हे कळलं आणि या आजीने लगेच वही काढली. नील, तुला तिथे कारखाने दिसतील, ट्रकांच्या रांगा दिसतील. मी पाहिलेलं चाकण तुला कुणी दाखवणार नाही, तेव्हा हे वाच आणि मग विमानात बस. तुमचे आजोबा नट होते हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. ते नट राहिले नाहीत ते चाकणमुळे.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. आजोबांनी सात चित्रपटांत दुष्ट माणसाचं काम केलं होतं आणि त्याचा त्यांना वीट आला होता. खऱ्या माणसांची खरी कामं टिपायची, माहितीपट करायचे, असं त्यांच्या मनाने घेतलं. मुंबईच्या एका कचेरीने त्यांना शंभर-शंभर फुटांची दोन रिळं दिली. कांद्यावर छोटा माहितीपट करून आणा, जमला तर पुढचं काम देऊ, असं सांगितलं. इकडे एक निर्माता आठव्या खलनायकाचा करार घेऊन सोमवारपर्यंत थांबला होता. आम्ही शनिवारी सकाळी निघालो. टिपणं ठेवायला मी बरोबर होते, आणि कॅमेऱ्याला चावी कशी द्यायची तेही त्यांनी मला शिकवून ठेवलं होतं.

पुण्याहून आगगाडीने चिंचवडला उतरलो. डब्यात समोरच्या बाईंनी आजोबांना ओळखलं आणि आपली ट्रंक हळूच पायांजवळ ओढून घेतली. मी खिडकीबाहेर बघून हसू दाबलं. बाहेर पिंपरीच्या माळावर नव्या कारखान्याच्या भिंती उठत होत्या. बाकी सगळं गवत आणि बाभळी.

स्टेशनाबाहेर चाकणकडे निघालेल्या मालट्रकमध्ये जागा मिळाली. मोशीच्या पुढे चाकातली हवा गेली. ड्रायव्हरने आजोबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"राव, पिच्चरमधी तर लई जोर दावता. धरा की जॅक!"

आजोबांनी निमूटपणे जॅक धरला. पांढऱ्या सदऱ्याचं जे झालं ते मी लिहीत नाही. इंद्रायणी ओलांडली आणि दोन्ही बाजूंच्या शेतांतून उपटलेल्या कांद्यांचा उग्र वास यायला लागला.

चाकणला बळवंतराव नावाच्या शेतकऱ्याने आपलं शेत आम्हाला मोकळं करून दिलं होतं. तिथे वीसेक बाया काटणीला (कांद्याची वाळलेली पात कापण्याच्या कामाला) बसल्या होत्या. विळे असे चालत होते की नजर ठरू नये. आजोबा हरखले. बैलगाडीवर चढून म्हणाले, "बायांनो, मी फोटो काढतोय, तुम्ही आपलं काम चालू ठेवा."

तोंडातून 'फोटो' हा शब्द गेला आणि घात झाला. वीसच्या वीस जणींनी पदर सारखे केले, हात मांडीवर ठेवले आणि श्वास रोखला. कॅमेरा घरघरत होता, समोर एक पापणी हलत नव्हती.

"अहो, हला! हला ना!"

"हाललं तर फोटू बिघडंल की!" एक जण ओठ न हलवता म्हणाली. "आमाला काय येडं समजता व्हय?"

हा फोटो हलता असतो हे आजोबांनी ओरडून, नाचून, दंडवत घालून सांगितलं. तोवर पहिलं रीळ संपलं.

जेवायला झाडाखाली बसलो. झुणका, बाजरीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा. आजोबा भाकरी नुसती कुस्करत होते. "सोमवारी करारावर सही करून टाकतो," ते मला हळूच म्हणाले. "मला बायकांना रडवताच येतं. त्यांना काम करू देता येत नाही."

एवढ्यात काटणीवरल्या सगळ्यात थोरल्या ठकूबाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"मगापासून बघतीया. त्यो तूच न्हवं, आईला पावसात घराभाईर काढनारा?"

"मावशी, ते सिनेमातलं होतं. खोटं."

"खोटं? मी तीन दिस रडले, ते बी खोटं? ऊठ! फुकटची भाकर न्हाई मिळायची हितं. घे इळा आन् बस काटायला."

आजोबा बसले. दुसऱ्याच कांद्याला बोट कापलं.

"आईला ढकलताना बरं हात चालत हुता, मुडद्या!"

बाया खदखदून हसल्या. हसता हसता वीस विळे पुन्हा चालू लागले. फोटोची आठवण कुणालाच राहिली नाही.

मी उठले. दुसरं रीळ कॅमेऱ्यात चढवलेलंच होतं. बैलगाडीआड बसून चावी दिली आणि कळ दाबली. चावी संपली की पुन्हा द्यायची, पुन्हा दाबायची. ठकूबाईंचं तोंड, त्यांचा विळा, टोपल्या, आजोबांच्या डोळ्यांतून वाहणारं कांद्याचं पाणी. घरघर आजोबांना ऐकू गेली असणारच. कॅमेरा कुठे आहे हे त्यांच्या पाठीलाही कळायचं. पण त्यांनी मान वर केली नाही. खाली बघून काटत राहिले, शिव्या खात राहिले. रीळ संपेपर्यंत.

संध्याकाळी निघताना ठकूबाईंनी आजोबांच्या बोटाला हळद लावून चिंधी बांधली. "आईला नीट संबाळ," त्या म्हणाल्या. आजोबांची आई ते सहा वर्षांचे असतानाच गेली होती. ते "हो" म्हणाले.

परतीच्या गाडीत आम्ही दोघेही कांद्याच्या वासाने घमघमत होतो. आजूबाजूचे लोक उठून लांब जाऊन बसले. चित्रपटांमुळे नव्हे, याचंच आजोबांना केवढं कौतुक! माझं इंग्रजी शिक्षण त्या दिवशी कशालाही उपयोगी पडलं नाही, आणि इतकी उपयोगी मी पुन्हा क्वचितच ठरले.

सोमवारी त्यांनी निर्मात्याला थांबायला सांगितलं. फिल्म धुऊन आली, कचेरीतल्या साहेबांनी दोनदा पाहिली आणि विचारलं, "छान आहे. पण तो कांदे कापणारा अडाणी माणूस कोण?" आजोबांनी घरी येऊन करार सही न करता परत पाठवला. पुढची वीस वर्षं कॅमेरा घेऊन ते होड्यांतून, उंटांवरून, बर्फातून हिंडले. कितीदा तरी मीही होते.

ते रीळ माझ्या कपाटात पत्र्याच्या डब्यात आहे. सुरुवातीचा भाग चिकटून गेला आहे. उरलेलं मिनिटभर चालतं. त्यात ठकूबाई बोलताना दिसतात, बाया हसताना दिसतात. आवाज त्यात कधीच नव्हता.