आजींनी शिवलेलं कॉम्प्युटरचं कव्हर

आमच्या खोलीतला सिलिंग फॅन जुना आहे. एकावर ठेवला तर नुसता गुणगुणतो, फिरत नाही. म्हणून सुरू करताना रेग्युलेटर पाचावर न्यायचा आणि पाती सुटली की हळूहळू एकावर आणायचा. लग्न होऊन हिंगोलीकडून मुलुंडला आले तेव्हा नवऱ्याने या घरातलं सगळ्यात आधी मला काय शिकवलं असेल तर हे. सात वर्षं रोज करते आहे. तरी बाईंच्या कॉम्प्युटरवर मी नेमकी तिथेच चुकले, आणि चुकले ते चुकले, वर ती चूक दुसऱ्याच्या नावावर टाकली.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. शाळा आठवीत सुटली. आधी इथल्याच एका कारखान्यात वायरी सोल्डर करायचे, त्यात हात बसला म्हणून दुकानाच्या मालकांनी घेतलं. त्यांचे उपकार आहेत. पण इंग्रजी स्क्रीन मला अजून धड वाचता येत नाही. सेटिंग कुठे आहे ते मी शब्द वाचून नाही, जागा बघून ओळखते.

बाई म्हणजे पलीकडच्या सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका. अंध मुलांसाठी त्या शाळेची पुस्तकं घरी बसून मोठ्याने वाचतात आणि रेकॉर्ड करून पाठवतात. कॅबिनेटच्या, म्हणजे लोक ज्याला सीपीयू म्हणतात त्या डब्याच्या मागच्या पंख्याचा आवाज सगळा त्यात उतरायचा.

"पोरं विचारतात, बाई, तुम्ही पिठाच्या गिरणीत बसून वाचता का," त्या दुकानात येऊन म्हणाल्या. "काहीतरी कर गं याचं."

पंखा कायम पूर्ण वेगाने पळत होता. मी सेटिंगमध्ये जाऊन वेग कमी केला, आणखी कमी केला, जाळीला कान लावला तरी ऐकू येईना इथपर्यंत आणला. तासभर चालू ठेवून बघितलं. पंखा फिरत होता, डबा गार होता. बाईंच्या घरी नेऊन जोडून दिला. त्यांनी चार ओळी रेकॉर्ड करून ऐकल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"शिकलीस किती तू?"

मी सांगितलं. आठवडा झाला नाही तर त्यांनी माझा सतरा नंबरचा फॉर्म आणला, दहावीला बाहेरून बसायचा. भरला पण त्यांनीच. "रविवारी दुपारी यायचं. गणित मी घेणार. कारणं चालणार नाहीत."

घरात बाईंच्या सासूबाई होत्या, त्यांना मी आजी म्हणायचे. कोकणातल्या, मिल कामगाराच्या पत्नी, ऐंशीच्या पुढच्या. कॉम्प्युटरवर धूळ बसते म्हणून त्यांनी जुन्या निळ्या पडद्याचं कव्हर हाताने शिवलं होतं. बटणासाठी गोल भोक, त्याला काजासारखा टाका. चार वर्षं ते कव्हर त्या डब्यावर होतं आणि डबा कधी बंद पडला नव्हता. हे मला माहीत होतं, कारण आजींनीच मला कौतुकाने सांगितलं होतं.

ऑक्टोबरच्या उन्हात एके दिवशी बाईंचा फोन आला. एरवी त्या थोडं थोडं वाचायच्या. त्या दिवशी इतिहासाचा अख्खा धडा एका दमात वाचायला घेतला, कारण मुलांची परीक्षा तोंडावर होती. धडा संपत आला आणि कॉम्प्युटर बंद पडला. सगळं रेकॉर्डिंग गेलं. बाईंचा घसा बसला होता.

मी जाऊन कव्हर काढलं. डबा चटका बसेल इतका तापलेला. गार होऊ दिला, उघडला, चालू केला. मागचा पंखा जागच्या जागी थरथरत होता, फिरत नव्हता. पेन्सिलीच्या टोकाने पात्याला ढकललं तर लागला फिरायला. तेव्हा डोक्यात आमचा सिलिंग फॅन आला. दुकानात मी फिरत्या पंख्याचा वेग कमी केला होता. इथे रोज सकाळी थांबलेल्या पंख्याला तेवढ्यावर सुटता येत नव्हतं.

"काय झालं गं?" बाई मागे उभ्या होत्या.

फॉर्म जाऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. माझ्या तोंडून आलं, "हवा कोंडली, बाई. वर कव्हर होतं ना."

बाई वळल्या. "आई, मी म्हणत होते की नाही, ते फडकं नको म्हणून?"

आजी दारात होत्या. "धूळ बसता म्हणान घातलंय गो मी," एवढंच म्हणाल्या आणि कव्हर उचलून घडी करत आत गेल्या. मी पंख्याचा कमीत कमी वेग वाढवला, थांबलेला सुटेल इतका, आणि डबा बंद केला. मी काय केलं ते कुणी विचारलं नाही.

पुढे दर रविवारी मी त्या घरात गणितं सोडवली, जेवले. मिक्सर बिघडला की बाई म्हणायच्या, "यावर पण काही शिवून घातलंत का, आई?" कॉम्प्युटरच्या खोलीत आजींनी पाय टाकायचं सोडलं. मी गेले की दारातून विचारायच्या, "आता तापणा नाय मा?" मी नाही म्हणायचे आणि वहीत तोंड घालायचे.

परीक्षेच्या आदल्या रविवारी आजींनी मला एक पिशवी दिली, हॉल तिकीट ठेवायला. निळी. बटणाच्या भोकावर ठिगळ लावलेलं होतं.

मला ती हातात धरवेना. मी तिथेच त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. सिलिंग फॅनपासून.

आजी ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतके म्हयने आयकान घेतलंय मी. माका सांगान काय उपेग? तिका सांग."

बाई आतल्या खोलीत दार लावून वाचत होत्या. मी दाराबाहेर उभी राहिले. पंख्याचा आवाज नाही, नुसता बाईंचा. धडा संपला, दार उघडलं.

"कधीची उभी आहेस? हॉल तिकीट आणलंस ना?"

मी सांगितलं. या वेळी सिलिंग फॅन मध्ये आणला नाही. माझी चूक होती आणि मी खोटं बोलले, एवढंच म्हटलं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाहेर जाऊन आजींच्या खाटेवर बसल्या. थोड्या वेळाने बाईंनी माझ्या हातातली पिशवी मागून घेतली, ते ठिगळ अंगठ्याने चाचपत राहिल्या आणि मग ती मला परत दिली.

"गणिताचं पुस्तक काढ," त्या म्हणाल्या.