साहेबाशेजारची रेघ

रात्रपाळी करून घारीआत्या घरी आली आणि चपला दारातच भिरकावून बसली. इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रभर चादरींच्या घड्या घातल्या की खांदे आपले राहत नाहीत. चहा गाळला, पाय स्टुलावर टाकले, तेवढ्यात दार वाजलं.

"अगं बाई, जरा पाठ तरी टेकू द्या!" म्हणत आत्या उठली.

दारात पुतणी, काखेत कागदाची भलीमोठी गुंडाळी. ती लोकांना वंशावळी करून द्यायची; यंदा घरचीच हाती घेतली होती.

"छापायला देतेय आत्या. म्हटलं, आधी तुला विचारावं."

"दाखव. मध्येच डोळा लागला तर रागावू नकोस."

कागद पसरला. एका कोपऱ्यावर साखरेचा डबा, दुसऱ्यावर कपबशी. सगळ्यात वर इंग्रजांच्या काळातला मळ्याचा मालक, गोरा साहेब. शेजारी, आडव्या रेघेने त्याला जोडलेली, आत्याची आजी. खाली त्यांचा मुलगा, म्हणजे आत्याचे वडील.

"तुझे घारे डोळे कुठून आले ते सापडलं बघ! माझे बाबा तर हवेतच आहेत. साहेबाचं रक्त म्हणे."

"माझ्या भावाला म्हणावं, खाली उतर."

आत्याचं नाव पडलं ते या डोळ्यांवरूनच. जो तो कौतुक करायचा. आजी तेवढी नातीचे केस विंचरताना तिला नेहमी पाठमोरी बसवायची. समोरून बघायचीच नाही. का, ते शेवटच्या आजारात एकदाच बोलली. आत्याने ते आजवर पोटातच ठेवलं होतं.

"ही आडवी रेघ कसली गं?"

"लग्नाची. मूल आहे म्हणजे जोडपं, म्हणून आपली…"

"ती त्याच्या बंगल्यावर झाडलोट करायची. रात्री बोलावणं आलं की जायचं. नाही म्हणायची सोय नव्हती."

पुतणीने पेन्सिल उचलली. "मग साहेबाला काढूनच टाकू?"

"कशाला? होता ना तो. लपवायचं तेवढं आजीने लपवलं, मग मी. आता कंटाळा आला."

"आणि बाबा?"

"त्याचं मी बघते. झोप झाली की."

चहा केव्हाच गार झाला होता. आत्याने तो तसाच घोटभर घेतला आणि त्या दोन नावांच्या मधोमध बोट ठेवलं.

"वडिलांपर्यंत तिच्याकडून एक रेघ आण, त्याच्याकडून एक आण. ही मधली तेवढी खोड. तिचं त्याच्याशी लग्न झालं नव्हतं."