जुन्या गाडीतून दुसरी जुनी गाडी बघायला: हैदराबाद ते सांगली

आमच्या विद्यानगरच्या अपार्टमेंटमध्ये ठराव झाला, एका फ्लॅटला एकच पार्किंग. आणि त्याच आठवड्यात मला कळलं की सांगलीत ‘ती’ गाडी विकायला निघाली आहे. ती म्हणजे, नोकरीला लागल्यापासून मी जिच्यासाठी झुरतेय ती. चार दारं, पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा आरामात पोटात घेईल एवढी जागा, आणि तरीही टर्बो इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर असलेली स्पोर्ट्स सेदान. कंपनीचं नाव देत नाही. मागे एका पोस्टमध्ये दिलं होतं, तर कमेंटमध्ये लोक एकमेकांच्या आईबापांवर उतरले.

अडचण अशी की एक पार्किंग म्हणजे एकच गाडी. माझी सध्याची सेदान वीस वर्षांपुढची आहे. फेरनोंदणी झालेली, हरित कर भरलेला, फिटनेस पास. तरी अशा गाडीला गिऱ्हाईक येत नाही, येतो तो भंगारवाला. म्हणजे दुसरी दारात आली की ही थेट गॅस कटरखाली. श्रीकांतने, माझ्या नवऱ्याने, मला न विचारता भंगारवाल्याला फोनसुद्धा करून ठेवला होता. त्याचं म्हणणं, दोन्ही म्हाताऱ्यांचा नाद सोड आणि एक छोटी ऑटोमॅटिक घे, “तुझ्या वयाला शोभेल अशी.” या चार शब्दांनी सांगलीचा प्रवास पक्का झाला. आणि तोही रेल्वेने नाही, याच गाडीने.

आबिड्सच्या मागच्या गल्लीतले हमीदभाई माझी गाडी बघतात. त्यांनी बेल्ट बदलले, ब्रेक पाहिले आणि हात पुसत मला विनवलं, “मॅडम, ट्रेन से जाव ना. बीच में कुछ हुआ तो पुर्जे कां से लाते?”

“पुर्जे डिकीत घेऊन जाते,” मी म्हटलं.

“आप गाडी नई चलाते मॅडम, जिद चलाते,” ते म्हणाले आणि रेडिएटरचा एक जादा पाइप, दोन क्लॅम्प आणि कूलंटचा डबा डिकीत ठेवून दिला. जुनी गाडी घेऊन लांब जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं सामान ठेवाच. स्टेपनीतली हवाही तपासा, ती तपासायचं सगळेच विसरतात.

सोबत कोण, तर माझ्या थोरल्या जाऊबाई, सुमनअक्का. साठी उलटलेल्या. राहणार नल्लकुंटा, स्वतःचं घर, मूळ उदगीरकडचं पण पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचं घराणं. भाऊजी गेल्यापासून त्या मुलगा-सुनेबरोबर असतात. मी सहज फोनवर बोलले तर म्हणाल्या, “मला पण ने गं. घरात बसून बसून परेशान झाले मी.”

त्यांचा मुलगा निखिल आयटीतला. गाड्यांबद्दल त्याला सगळं माहीत असतं, विशेषतः त्या कुठे बंद पडतील ते. “काकू, ही झहीराबादच्या पुढे जाणार नाही,” त्याने जाहीर केलं.

“हौ, मग झहीराबादला राहू,” अक्का म्हणाल्या आणि चपला घातल्या.

पहिला दिवस: हैदराबाद ते सोलापूर

उजाडायच्या आत निघालो. वॉचमनने गेट उघडताना “अम्मा, एक्कडिकी?”, कुठे निघालात, असं विचारलं. सांगली सांगितल्यावर त्याने माझ्याकडे न बघता गाडीकडे बघितलं. सकाळी लवकर निघण्याचं कारण साधं आहे. पटणचेरूच्या पुढे ट्रकांची रांग लागली की मग तासभर गेलाच समजा. संगारेड्डीच्या पुढे रस्त्याकडेच्या एका टिफिन सेंटरवर इडली, वर तुपात कालवलेली तिखट कारम पूड. दोघींचं भरपेट झालं, तरी शंभराच्या नोटेतून सुटे परत आले. पुढचा सोलापूरपर्यंतचा रस्ता मोठा आणि सरळ आहे. टोलनाके बरेच, फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. गाडी मजेत ऐंशी-नव्वदने चालली होती. झहीराबाद गेलं तेव्हा अक्कांनी निखिलला फोटो पाठवला, हुमनाबाद गेलं तेव्हा परत पाठवला.

हुमनाबादच्या पुढे, महाराष्ट्राची हद्द लागायच्या आधी, तापमानाचा काटा चढायला लागला. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन तापलं होतं. अशा वेळी एक उपाय असतो. एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे इंजिनची उष्णता गाडीत येते आणि इंजिन थोडं निवतं. तुम्ही मात्र भाजून निघता.

“उन्हात हीटर लावलास?” अक्कांनी पदराने तोंड पुसलं. “माझी भाकरी करायलीस काय?”

“दहा मिनिटं काढा अक्का, सावली दिसली की थांबते.”

कडुलिंबाच्या झाडाखाली थांबलो. वरच्या पाइपला चीर गेली होती, कूलंट थेंब थेंब गळत होतं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, हे मी शंभरदा लिहिलंय आणि पुन्हा लिहिते. बॉनेट उघडून वाट बघत बसलो तेवढ्यात दोन मोटरसायकलींवरून चार जण आले. कुठेही बॉनेट उघडा, पुरुष उगवतात. एकाने सांगितलं इंजिन बसलं, दुसऱ्याने सांगितलं गॅस्केट उडालं, तिसऱ्याने सरळ भंगारात द्यायला सांगितली. चौथ्याने विचारलं, “सोबत जेंट्स कुणी नाही का?”

“आहेत की,” अक्का म्हणाल्या, “तुम्ही चौघं आहात ना. जरा बाजूला सरका, तिला उजेड येऊ द्या.”

मी जुना पाइप कापून काढला, नवा बसवला, क्लॅम्प आवळले, कूलंट ओतलं. हातांना काळं लागलं, एका बोटाचं साल निघालं. गाडी सुरू झाली, काटा मध्यावर येऊन थांबला. खरं सांगते, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच मोठ्याने हसले. ते चौघं मात्र थोडे नाराज दिसले. सोलापुरात संध्याकाळी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भरपूर तेलातलं वांगं खाल्लं. एसटी स्टँडजवळच्या स्वच्छ लॉजमध्ये राहिलो, दोघींची सोय हजार-बाराशेत होते.

दुसरा दिवस: सांगली

सांगोल्यावरून मिरजेचा रस्ता आता सुरेख झालाय. द्राक्षांच्या बागा सुरू झाल्या की समजायचं आलोच. गाडीचे मालक आप्पा, हळदीचे व्यापारी, सत्तरीचे. बंगल्याच्या आत शेड, शेडमध्ये पांढऱ्या कापडाखाली गाडी. आम्ही चहा घेतल्याशिवाय ते कापड निघणार नव्हतं. आधी माझी चौकशी झाली. गाव कुठलं, नोकरी काय, गाडी कुठे लावणार, आणि शेवटी, “मिस्टर नाही आले?”

“गाडी त्यांना नाही, मला घ्यायचीय,” मी म्हटलं.

कापड निघालं आणि मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. गडद निळी, शोरूममधून आत्ता आल्यासारखी. किलोमीटरचा आकडा बघितला तर इतकी वर्षं होऊनही माझ्या गाडीच्या एक दशांशसुद्धा फिरलेली नाही. “दर अमावास्येला पूजा,” आप्पा अभिमानाने सांगत होते. “नुसती बाहेरून नाही. बॉनेट उघडून इंजिनला हळदीकुंकू, फुलं, अक्षता. एक अमावास्या चुकवली नाही.”

मी बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी झेंडूचा चुरा, कापसाचा पुंजका आणि त्याच्याखाली उंदराचं घर. उंदीर अक्षता खायला आले आणि मग आयतं मिळालंच आहे म्हणून वायरिंगही खाल्लं. दर महिन्याला नैवेद्य ताजा, पाहुणे खूश. आप्पांचा चेहरा पडला. दोन महिन्यांपासून गाडी सुरू होत नव्हती, म्हणून तर विकायला काढली होती, आणि बिघाड काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांचा वायरमन बोलावला. दुपारभर त्याने आणि मी मिळून जेवढ्या वायरी जोडता आल्या तेवढ्या जोडून टेप मारली. अक्का तोवर आप्पांच्या सुनेबरोबर भडंग खात बसल्या होत्या. गाडी सुरू झाली. मी चालवून बघते म्हटल्यावर आप्पा दारातच आडवे आले.

“एवढी जपलेली गाडी. हैदराबादच्या ट्रॅफिकमध्ये चालवणार तुम्ही?”

“मग काय आप्पा, मीपण ओवाळू?”

हे जरा जास्तच बोलले. पण मला राग आला होता. देवाचा नाही, भक्तीचाही नाही. अशी धावणारी वस्तू हौसेने आणायची आणि तिला कापडाखाली ठेवून जपली म्हणायचं, याचा. आप्पा दारातून बाजूला झाले. मग शेजारच्या सीटवर बसले आणि वरची कडी दोन्ही हातांनी धरली.

मिरज रस्त्याच्या मोकळ्या पट्ट्यात मी दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. एक क्षण काही नाही, मग टर्बोने श्वास घेतला आणि पाठ सीटला चिकटली. मी ओरडले. लाज वाटली नाही. तिसरा टाकला, वळणावर गाडी जमिनीला धरून राहिली, स्टिअरिंग हातात जिवंत होतं. इतकी वर्षं वाट बघितली ती फुकट गेली नव्हती.

परत आल्यावर आप्पा उतरलेच नाहीत. समोर बघत म्हणाले, “मी हिला चाळीसच्या वर कधी नेलीच नाही. घरचे म्हणायचे, हळू, हळू. घेतली होती ती पळवायलाच.” डोळे पुसले आणि म्हणाले, “घेऊन जा. पळवा.”

सौदा झाला. रक्कम आमच्या दोघांतच राहू दे. मात्र सगळं वायरिंग नवं घालायचं, परराज्यात न्यायची म्हणून एनओसी काढायची, हैदराबादला पुन्हा रोड टॅक्स भरायचा, हे सगळं धरून बजेट करा. गाडी महिन्याभराने ताब्यात मिळणार. सांगलीतच मुक्काम केला. रात्री मला झोप यायला वेळ लागला, आणि तो आनंदामुळे नाही. बाहेर अंगणात माझी गाडी उभी होती. जिने मला इथवर आणलं, तिच्याच मरणाचा सौदा मी करून आले होते.

तिसरा दिवस: परत

एका दमात हैदराबाद, दहा-अकरा तास लागतात, चहाचे थांबे धरून. काटा मध्यावरून हलला नाही. हुमनाबादजवळच्या ढाब्यावर जेवलो. मागे ट्रकसाठी मोठं रिकामं मैदान होतं. अक्का हात धुऊन आल्या आणि ड्रायव्हरच्या दाराशी उभ्या राहिल्या.

“मी बसून बघू?”

मी किल्ली दिली. क्लच दाखवला, पहिला गिअर दाखवला. पहिल्यांदा गाडीने गचका खाऊन मान टाकली. दुसऱ्यांदाही. बाजेवर पहुडलेला एक ट्रक ड्रायव्हर उठून बसला आणि ओरडला, “आहिस्ता अम्मा, आहिस्ता!” तिसऱ्यांदा गाडी सरकली. मैदानाच्या टोकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने. अक्कांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली. थांबल्यावर त्यांनी मान उंचावून काचेतून पलीकडचा हायवे बघितला.

“जन्मभर मागं बसले गं,” त्या म्हणाल्या. “आधी भावाच्या सायकलवर, मग यांच्या स्कूटरवर, आता निखिलच्या गाडीत. इथून रस्ता केवढा दिसतो.”

घरी

अंधार पडायच्या सुमाराला अक्कांना सोडायला नल्लकुंट्याला गेलो. श्रीकांतही तिथेच जेवायला आलेला. सौदा झाल्याचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला आणि मग समजूतदारपणे म्हणाला, “बरं, मग भंगारवाल्याला रविवारी बोलावतो.”

मी जुन्या गाडीची किल्ली मुठीत धरून ठेवली.

“कोणाची गाडी भंगारात देऊलालास?” अक्का आतून बाहेर आल्या. “ती इथंच राहील. आमच्या दारात जागा रिकामी पडलीय. सोमवारपासून मी शिकणार, माधुरी शिकवेल.” माधुरी म्हणजे मी. मी मान डोलावली. मला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

या प्रवासातून घरी काय आणलं, तर सांगलीची हळद, सोललेलं बोट आणि एका गाडीची पावती. पण मला सगळ्यात जास्त जपून ठेवावंसं वाटतं ते पुढचं बोलणं.

निखिल हसून म्हणाला, “आई, या वयात? आणि गाडी घेऊन तू जाणार कुठे?”

“कुठंबी नाही,” अक्का म्हणाल्या. “पण जायचं ठरलं तर कोणाला विचारणार नाही.”