ऑफ, आयसोलेटेड आणि माझा खिसा

“पगारे, स्विच ऑफ केलाय ना? मग फ्यूज काढत कशाला बसलात?”

प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या मानगुटीवर बसले होते. आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. शेडमधली क्रेन अडकली होती आणि आमचा सिन्नरचा वायरमन निवृत्ती दुरुस्तीसाठी वर चढणार होता. क्रेनला ज्या उघड्या तांब्याच्या पट्ट्यांतून वीज मिळते, त्यांनाच त्याला हात घालायचा होता.

“साहेब, ऑफ वेगळं, आयसोलेटेड वेगळं.”

“दोन्हीचा अर्थ बंद. मला इंग्रजी शिकवू नका.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मराठीत आपण दोन्हीला बंदच म्हणतो, हे खरं. पण ऑफ म्हणजे फक्त हँडल खाली. ते कुणीही वर करू शकतो. आयसोलेटेड म्हणजे पुरवठ्यापासून तोडलेलं. मग हँडल वर केलं तरी वीज पुढे जात नाही. स्विचला कुलूप घालायची पद्धत आमच्याकडे तेव्हा नव्हती. फ्यूज ज्याने काढले त्याने ते स्वतःच्या खिशात ठेवायचे आणि वरचा माणूस खाली उतरेपर्यंत कुणाच्या बापाला द्यायचे नाहीत, हा आमचा रिवाज.

मी तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकले आणि निवृत्ती चढला. मी नवा बोल्ट आणायला स्टोअरकडे निघालो.

“फ्यूज इथे ठेवून जा,” साहेब म्हणाले. “काम झालं की लगेच चालू करू.”

“निवृत्ती उतरल्यावर मीच लावीन.”

परत येऊन बघतो तर हँडल वर!

“कुणी केलं हे?”

“मी,” साहेब म्हणाले. “वरची ठोकाठोक थांबली. वाटलं, झालं काम.”

मी वर पाहिलं. निवृत्तीचे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. “जरा दम धरा, साहेब,” तो वरून ओरडला, “जुना बोल्ट लय घट्ट हाय!”

मी हँडल खाली ओढलं आणि तिन्ही फ्यूज साहेबांच्या नाकासमोर धरले. “हे ठेवून गेलो असतो तर तुम्ही लावले असते. मग त्याच्या बायकोला सांगायला सिन्नरला कोण गेलं असतं? तुम्ही?”

सगळी शेड ऐकत होती.

निवृत्ती धडधाकट उतरला आणि त्याने चहा मागितला. मी उद्धटपणे बोललो, अशी साहेबांनी वर तक्रार केली. ती अगदी खरी होती.

पुढे नवे वायरमन या दोन शब्दांतला फरक विचारायचे. मी सांगायचो, ऑफ डोळ्यांना दिसतं. आयसोलेटेड म्हणण्याआधी आपला खिसा चाचपावा.