सोळा नंबरची सही

आमच्या गावात मयताची घंटा वाजली की लोक आधी अंदाज बांधतात, मग रडतात. कोण अंथरुणावर होतं, कुणाला परवाच दवाखान्यातून घरी आणलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं; त्या घराच्या वाटेला पाय आपोआप लागतात. गाव नंदाखालच्या पुढे, केळी-नारळाच्या वाड्यांतलं. नाव सांगत नाही, कारण जे घडलं त्यात गावाचा काही दोष नव्हता. दोष माझा होता.

मी वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात नोकरी करते. शाळेची घंटा, कारखान्याचा भोंगा, चर्चची घंटा वेळेवर वाजवणारे डबे आम्ही बनवतो. डबा इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्याच्या आतला प्रोग्रॅम आम्हाला इथे बसून बदलता येतो. आम्हाला येतो म्हणजे उद्या दुसऱ्या कुणालाही येईल. म्हणून प्रत्येक नव्या प्रोग्रॅमवर आमची डिजिटल सही लागते. सही जुळली नाही तर डबा त्याला दारातही उभं करत नाही. ती सही करण्याचं काम माझ्याकडे.

जुन्या पद्धतीच्या सह्या पुढेमागे क्वांटम कॉम्प्युटर नकली करू शकेल, अशी भीती आहे. घंटेचा डबा तर वीस-पंचवीस वर्षं मनोऱ्यात राहणार. म्हणून आम्ही त्या कॉम्प्युटरलाही दाद न देणारी नवी सही आणली. तिची अट एकच. सहीच्या किल्ल्या नंबर घालून आधीच बनवलेल्या असतात, आणि एक नंबर जन्मात एकदाच वापरायचा. कुठला नंबर संपला हे कॉम्प्युटर लक्षात ठेवतो, तरी मी एक वही केली होती. सही करण्याआधी त्यात नंबर खोडायचा. गाळ्यातले सगळे त्या वहीवरून मला चिडवायचे.

गावात चर्चच्या घंटेची दोरी ओढणारे काका वारले तेव्हा आमचा डबा बसला. चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, म्हणजे मिस्सेनंतर, फादर म्हणाले, चार शब्द बोल. मी दहा मिनिटं बोलले. "ही घंटा खोटी वाजूच शकत नाही. आजच्या चोराचं सोडा, वीस वर्षांनी येणारा कॉम्प्युटरसुद्धा हिला फसवू शकणार नाही." पहिल्या बाकावर लाल लुगड्यात माझी आत्या बसली होती. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या दिवशी मी टाळ्या घेतल्या.

थंडी सरत आली होती. दुपारी तीनच्या सुमारास गाळ्यात आत्याचा फोन आला. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो, इथे सरळ मराठीत लिहिते.

"बाय, घंटा कुणाची?"

"कसली घंटा?"

"मयताची वाजली. सगळा गाव माझ्या दारात उभा आहे."

तिला दोन वर्षांपासून हृदयाचं दुखणं होतं, म्हणून लोक थेट तिच्याकडेच गेले होते. ती अंगणात सुकेळी, उन्हात वाळत घातलेली केळी, उलटत होती. माणसं फाटकातून आत आली आणि तिला बघून थबकली. दोघी-तिघींनी येतानाच डोळे पुसायला सुरुवात केली होती. "कोण गेलं?" आत्याने विचारलं. मग त्यांनी तिथेच उभ्याउभ्या घरं मोजली. एकेका आजाऱ्याचं नाव घेतलं, फोन लावले. गावात सगळे जिवंत होते.

फोन ठेवला आणि मला आठवलं. चार दिवसांपूर्वी सहीचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि जुन्या राखीव प्रतीवरून मी तो पुन्हा उभा केला होता. त्याने पुढचा नंबर सोळा दाखवला. मी सोळावर सही केली, ती घंटेवर ठोके देणारा हातोडा गाळ्यातल्या टेबलावर तपासायच्या प्रोग्रॅमवर. त्यात सुरू होताच वाजणारे मयताचे ठोके होते. वही खणात होती. नंतर खोडू म्हटलं. आता ती काढली. सोळा आधीच खोडलेला होता. माझ्याच अक्षरात, माझ्याच निळ्या पेनाने, बाजूला मागच्या आठवड्याची तारीख. ती सही केल्याचं मला काही केल्या आठवेना. कॉम्प्युटर विसरला होता ते समजू शकते, त्याला मी जुनी प्रत घातली होती. मला कुणी घातली?

बाकीचं सरळ होतं. आधीचा सोळा नंबरचा प्रोग्रॅम बाहेर पाठवायला मंजूर होता आणि इतर डब्यांनी तो केव्हाच घेतला होता. आमच्या गावची केबल तुटलेली होती. त्या दुपारी ती जोडली गेली, डब्याने सोळा नंबर मागितला आणि नंबर तोच असल्याने आधीच्याच्या जागी जाऊन पडलेला माझा दुसरा प्रोग्रॅम त्याला मिळाला. त्याने सही तपासली. सही खरी होती.

संध्याकाळी जाऊन मी डबा बंद केला आणि फादरांना सांगितलं, विजेचा दाब कमी-जास्त झाला. नोकरी जाईल ही भीती होती, पण खरं सांगायचं तर टाळ्या परत द्यायची लाज जास्त होती. गावाने मान डोलावली. आत्याने नाही डोलावली. मी तिच्याकडे गेले तेव्हा सुकेळ्यांना मुंग्या लागल्या होत्या आणि तिने पेटीतून स्वतःच्या मयतासाठी जपून ठेवलेलं लुगडं काढून खुर्चीवर टाकलं होतं, वारा लागावा म्हणून. गोळ्यांचा डबा तिने कपाटावर सरकवला होता.

"आता कशाला वाया घालवायच्या?" ती म्हणाली.

मी रागावले, रडले, डॉक्टरांना आणलं. फादर येऊन समजावून गेले की देव घंटेतून बोलावत नाही. ती त्यांच्यासमोर हो म्हणाली आणि ते फाटकाबाहेर पडताच गोळी उशीखाली ठेवली. पाचव्या दिवशी तिचे पाय सुजले, तेव्हा मी तिच्यासमोर वही उघडून सगळं सांगितलं. वीज नव्हती, मी होते. नंबर दोनदा वापरला, सही मीच केली.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. खोडलेल्या सोळावर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे सही तुझीच?"

"माझीच, पण चुकून झालेली."

"चुकून केलेली सही तुझ्या डब्याला ओळखता येते?"

"नाही."

"मग मला कशी येणार, बाय?"

ती हे रागाने म्हणाली नाही. माझ्या केसांवरून हात फिरवला आणि कूस बदलली. मी पेजेची वाटी धरून बसून राहिले. तिला मीच बोलावलंय, असं मला वाटायला लागलं होतं, अजूनही वाटतं.

नवव्या दिवशी सकाळी आत्या गेली. डबा बंदच होता, कुणीतरी वर जाऊन दोरीने घंटा वाजवली. दफन झाल्यावर मी तिच्या घराच्या दारात उभी राहून येईल त्याला सांगायला सुरुवात केली की त्या दिवशी चूक माझी होती. बायका माझा खांदा थोपटून पुढे जात होत्या. दुःखात माणूस काहीही बोलतं. शेजारच्या वाडीतले आजोबा थांबले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"उगाच मनाला लावून घेऊ नकोस," ते म्हणाले. "तुझ्या घंटेला आमच्या आधी कळलं, एवढंच. तो डबा पुन्हा चालू कर. आता मलाही कळलेलं बरं."