अण्णा गेले!

माझे वडील मागच्या वर्षी बिलोलीजवळच्या एका गावातल्या संग्रहालयात वारले. त्यांना स्वतःला हे अजून मान्य नाही.

आई जाऊन दोन महिने झाले होते. अण्णा रडले नव्हते, की धड झोपले नव्हते. रात्रभर नांदेडच्या घरात येरझारा, दिवसभर भिंतीकडं नजर. शेवटी मीच ठरवलं, त्यांना कुठंतरी बाहेर न्यायचं. आणि दुःखी माणसाला न्यायला मी काय निवडलं? मेलेल्या माणसांचं संग्रहालय!

"अहो, देवळात न्या, मळ्यात न्या," बायको सुनंदा म्हणाली. "हे काय काढलंत?"

"अण्णांना जुन्याची आवड आहे!" मी ठणकावलं.

ते गाव वसवणाऱ्या पहिल्या घरांच्या आठवणी गावकऱ्यांनी जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत मांडल्या होत्या. पहिल्या खोलीत फोटो : माळावर पहिली विहीर खोदणारा, पहिलं दुकान टाकणारा. सगळ्यांना हार, सगळ्यांचे चेहरे आमच्यासारखेच पडलेले. दुसऱ्या खोलीत त्या काळचं घर : कुडाची भिंत, चूल, चुलीपुढं पाठमोरी बसलेली लुगड्यातली मातीची बाई, कोपऱ्यात बाज.

मी फोटोखालची माहिती मोठ्यानं वाचत होतो. (मी मास्तर आहे; कुणी ऐकतंय का, हे बघायची सवय नाही.) वाचून वळलो, तर अण्णा गायब!

दुसऱ्या खोलीत डोकावलो. चुलीपुढं ती बाई, बाजेवर गोधडी पांघरलेला पुतळा. अण्णा नाहीत.

"अहो, हा पुतळा घोरतोय का?" सुनंदानं विचारलं.

"इथं बाप सापडंना, अन् तुला पुतळे सुचतात!"

राखणदार म्हणाला, "आवाजाची सोय केली असंल. मला काय ठावं? मी सोमवारपासून हाय इथं."

आणि मला विहीर आठवली. फोटोतली ती विहीर शाळेमागं अजून होती, कठडा नसलेली. आई गेल्यापासून जी भीती मी सुनंदालाही सांगितली नव्हती, ती आता खरी वाटू लागली. पळत गेलो. पाणी काळं, खोल, गप्प. मुदखेडला ताईला फोन लावला; आम्ही इथं येणार हे तिला सकाळीच सांगितलं होतं.

"ताई, अण्णा गेले गं!"

रेंज गेली. "कुठं गेले तेच कळंना" हे पुढचं वाक्य मी एकट्या लिंबाच्या झाडाला सांगितलं.

गावकरी धावले. कुणी दोर आणला, कुणी गळ. गळ विहिरीत सोडून आम्ही तळ चाचपत होतो. एकदा तो जड लागला, तसा मीही दोराला हात घातला. वर आली गंजलेली बादली! बराच वेळ असं चाललं होतं, एवढ्यात मुदखेडची जीप येऊन थांबली. ताई, दाजी आणि रडायला तयार होऊन आलेल्या चार शेजारणी उतरल्या. ताईनं विहिरीतला गळ पाहिला आणि जो हंबरडा फोडला!

"अण्णाऽऽ! आईच्या मागोमाग तुम्हीबी गेलात होऽऽ!"

संग्रहालयाच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. खांद्यावर गोधडी, केस विस्कटलेले.

"कोण गेलं?" अण्णांनी विचारलं.

दोन शेजारणी किंचाळून जीपमध्ये चढल्या. ताई मात्र धावली आणि त्यांना मिठी मारली. "तुम्हीच गेला होतात, अण्णा!"

"न्हाई गं. डोळा लागला व्हता." ते आत बघत म्हणाले, "ती बाई चुलीपुढं पाठमोरी बसलेली बघितली. वाटलं, घरीच हाव. हितं पडलं तर चालंल."

एवढं बोलले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ढसाढसा रडले. मग ताई रडली, मी रडलो, दोर धरलेले गावकरी डोळे पुसू लागले. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

तिकडं ताईनं कळवल्यामुळं लातूरचे काकाही निघालेच होते. "लोह्यापर्यंत आलोय," ते फोनवर कडाडले, "आता हा हार कुणाला घालू?"

परतताना अण्णा गाडीत पुढं बसले होते. म्हणाले, "दिनू, मी खरंच गेलो की फोन सूनबाईला करू दे."

"का हो अण्णा?"

"तू कळवलंस तर आता कुणी यायचं न्हाई!"